प्रवेशाचे पेढे आणि प्रबंधाचे वर्ष

दरवर्षी पावसाळा सुरू झाला की अभिनंदनाचे मजकूर येऊ लागतात. अमक्यांची कन्या एम.टेक.ला लागली, तमक्यांच्या नातवाने 'गेट' परीक्षेत चांगला क्रमांक मिळवला, विहारात सत्कार झाला, सोबत फोटो जोडला आहे. हे मजकूर वाचून आनंद होतो आणि झालाच पाहिजे. पण दोन वर्षांनी त्याच मुलामुलींनी शिक्षण पुरे करून पदवी हाती घेतली, असे कळवणारे पत्र सहसा येत नाही. चौकशी केली तर घरचे म्हणतात, "नोकरी लागली की त्याला. तेवढा प्रोजेक्ट राहिलाय."

हा 'राहिलेला प्रोजेक्ट' म्हणजेच प्रबंध. एम.टेक.ची चार सत्रे असतात. पहिल्या दोन सत्रांत मुख्यतः पेपर असतात. ते आपली मुले देतात आणि चांगले देतात. तारीख ठरलेली, अभ्यासक्रम ठरलेला, तीन तासांनी घंटा. उरलेल्या वर्षाचा बहुतेक भाग प्रबंधाचा असतो आणि तिथे घंटा नसते. आज काय केलेस, असे रोज विचारणारे कोणी नसते. ज्या घरात याआधी कोणी प्रबंध लिहिलेला नाही त्या घराला दिसते ते एवढेच, की पोरगी दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून आहे, मध्येच गावाला जाते, मध्येच रडते, आणि परीक्षा तर काही दिसत नाही!

आम्ही पेशाने कारकून, शिक्षण बी.कॉम. ऊर्जाशास्त्रावर आम्ही लेखणी चालवावी हे काहींना धाडसाचे वाटेल. परंतु आमच्या मंडळाच्या अभ्यासिकेत बसणाऱ्या एका मुलीने ऊर्जा या विषयातला एम.टेक.चा प्रबंध पुरा केला आणि तो होत असताना आम्ही जवळून पाहिला. तिचे नाव येथे देत नाही. तशी तिचीच इच्छा आहे. विषय होता चूल.

प्रथम विषयाचे नाव फार मोठे होते. 'ग्रामीण महाराष्ट्रातील ऊर्जा समस्या : कारणे व उपाय.' आम्हालाही ते भारदस्त वाटले होते. तिच्या मार्गदर्शक मॅडमनी त्या कागदावर लाल शाईने एकच ओळ लिहून परत पाठवला. 'यातले तू नेमके काय मोजणार आहेस?' मुलगी रडवेली होऊन अभ्यासिकेत आली. "काका, मॅडमना माझा विषयच नकोय," असे तिचे म्हणणे.

असा संशय आपल्या मुलांच्या मनात येतो आणि तो हवेतून येत नाही, हे आम्ही स्पष्ट सांगतो. मार्गदर्शक मिळेपर्यंत दारोदार फिरवलेली, भेटीची वेळ देऊन बाहेर तासन् तास बसवून ठेवलेली मुले आम्ही पाहिली आहेत. ज्याला त्रास होतो त्याने तो लेखी नोंदवावा, विभागप्रमुखांकडे जावे, संस्थेच्या अनुसूचित जाती-जमाती कक्षाकडे जावे, मंडळाकडेही यावे. परंतु प्रत्येक लाल रेघ म्हणजे अन्याय नव्हे. या खेपेस विचारलेला प्रश्न अगदी बरोबर होता. समस्या मोजता येत नाही. लाकूड मोजता येते, पाणी मोजता येते, वेळ मोजता येतो.

मॅडमनी तिला बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधले जुने काम वाचायला दिले. प्रा. अमूल्य रेड्डी यांनी तेथे १९७४ साली 'अस्त्र' नावाचा विभाग सुरू केला. विज्ञान खेड्यांच्या कामी लावणे हा त्याचा उद्देश. या मंडळींनी कर्नाटकातल्या तुमकूर जिल्ह्यातील पुरा आणि आसपासच्या खेड्यांत घरोघर जाऊन पाहणी केली. सरपण किती जळते, ते कोण आणते, किती लांबून आणते, त्यात किती तास जातात, असे साधे प्रश्न होते. त्यातून बाहेर आले ते मोठे होते. गावाच्या एकूण ऊर्जेत सर्वात मोठा वाटा विजेचा किंवा रॉकेलचा नसून लाकडाचा. ते लाकूड बहुतेक विकत घेतलेले नसून वेचून आणलेले, आणि ते आणणारे हात मुख्यतः बायकांचे आणि मुलांचे. देशाच्या ऊर्जेच्या हिशेबात तोपर्यंत या हातांची नोंद जवळजवळ नव्हतीच.

हे वाचल्यावर मुलीच्या ध्यानात आले. तिचे आजोळ मराठवाड्यात. तिथे आजीच्या चुलीत लाकूड थोडे आणि तुरीच्या तुराट्या, कापसाच्या पऱ्हाट्या, गोवऱ्या जास्त. प्रयोगशाळेत मात्र सुधारित चुलीची परीक्षा होते ती एकसारख्या कापलेल्या, वाळलेल्या लाकडाच्या तुकड्यांवर. मग तीच चूल तुराटीवर कशी चालते? एवढाच प्रश्न तिने घेतला. विषयाचे नाव लहान झाले आणि काम सुरू झाले.

आता आमच्या समजुतीचा भाग. चुलीची कार्यक्षमता काढण्याची रीत ऐकली तेव्हा आम्ही म्हटले, अरे, ही तर आमची खातेवही! समजा, पाच लिटर पाणी २७ अंशांवरून ९७ अंशांपर्यंत तापवले. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते, म्हणून पाच गुणिले सत्तर, म्हणजे ३५० किलोकॅलरी. तापताना पाव किलो पाण्याची वाफ झाली. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५४० लागतात, म्हणजे पाव किलोला १३५. एकूण कामी आली ४८५ किलोकॅलरी. ही खर्चाची बाजू. जमेच्या बाजूला जळालेले लाकूड एक किलो दोनशे ग्रॅम. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोत ढोबळ मानाने ४,००० किलोकॅलरी धरल्या तर ४,८०० झाल्या. म्हणजे शंभरातल्या दहाच भांड्यापर्यंत पोचल्या, नव्वद धुरात, भिंतीत आणि हवेत गेल्या! तीन दगडांच्या साध्या चुलीची कार्यक्षमता दहा टक्क्यांच्या आसपास असते असे जे पुस्तकात लिहितात, ते हे. विजेच्या भाषेत एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. त्या सव्वा किलोच्या आतल्या लाकडात साडेपाच युनिटांइतकी उष्णता होती आणि पाण्याला मिळाले ते अर्धे युनिट.

शेवटी चुलीत कोळसा उरतो. त्याचेही वजन घ्यायचे आणि त्यातली उष्णता हिशेबातून वजा करायची. आमच्याकडे वर्षअखेरीस माल शिल्लक मोजतात तसे. सरपण किती ओले हेही पाहावे लागते. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मे वजन पाण्याचे असू शकते, म्हणून नमुना १०५ अंशांच्या भट्टीत, वजन कमी व्हायचे थांबेपर्यंत वाळवतात. इंधनातली उष्णता ज्या यंत्रात मोजतात त्याचे नाव बाँब कॅलरीमीटर. हे नाव घरी फोनवर उच्चारल्याबरोबर तिच्या आईने, "काय गं, कुठं काम करतेस तू?" असे विचारले, तो किस्सा मंडळात पुष्कळ दिवस चालला.

पहिल्या महिन्यात आकडे जुळेनात. तीच चूल, तेच पातेले, तीच तुराटी, आणि आजचा आकडा कालच्याशी मेळ खाईना. चांगले आकडे ठेवावेत, वेडेवाकडे सोडून द्यावेत, असा मोह कोणालाही होईल. तिलाही झाला. मॅडमनी सांगितले की सगळे आकडे लिहायचे, प्रत्येक चाचणी किमान तीनदा करायची आणि फरक का पडला ते शोधायचे. कचेरीत चुकलेली नोंद आम्ही खरवडून काढत नाही. तिच्यावर रेघ मारतो, बाजूला सही करतो, म्हणजे मूळ आकडा वाचता येतो. संशोधनाच्या वहीचा नियम हाच निघाला. शोधल्यावर कारण सापडले ते गमतीचे. तुराट्यांचे भारे उघड्या व्हरांड्यात ठेवले होते आणि पावसाळी हवेत रोज वेगळी ओल धरीत होते. ओल मोजून हिशेबात घेतल्यावर आकडे ओळीत आले. प्रबंधाचे एक अख्खे प्रकरण या ओलीवर आहे आणि आमच्या मते तेच सर्वात चांगले आहे.

चौथे सत्र अवघड गेले. पहिले कारण पैसा. 'गेट'मधून प्रवेश घेणाऱ्यांना एआयसीटीईची दरमहा १२,४०० रुपयांची विद्यावृत्ती दोन वर्षांपर्यंत मिळते. रक्कम कधी वेळेवर येई, कधी दोन-तीन महिन्यांची एकदम. खोलीचे भाडे तर दर महिन्याला द्यावे लागते. दुसरे कारण नोकरी. एका कंपनीने ताबडतोब रुजू व्हा म्हटले. वडील महानगरपालिकेतून निवृत्त झालेले, धाकटा भाऊ कॉलेजात. वडील आमच्याकडे आले आणि म्हणाले, "तुम्ही तिला सांगा. हातातली नोकरी सोडू नये. कागद काय, मागून पण लिहिता येतात."

मागून कागद लिहिता येत नाहीत, असा आमचा अनुभव आहे. आठ-दहा तासांची पाळी, प्रवास, पहिला पगार, घरचे हप्ते, मग लग्नाची बोलणी. वर्षभराने वही उघडली की आपणच लिहिलेले आपल्याला कळत नाही. आम्ही वडिलांना म्हटले, "आबा, तीन महिने द्या तिला. कंपनीला पत्र लिहू." पत्र लिहिले. कंपनीने सहा आठवड्यांची मुदत दिली. तीन महिने नाहीत, सहा आठवडे. खोलीभाड्याचा एक महिना मंडळाच्या शिक्षण निधीतून उसना दिला, तो तिने पहिल्या पगारातून फेडला. त्या सहा आठवड्यांत आई लेकीकडे जाऊन राहिली आणि स्वयंपाकाची, कपड्यांची बाजू तिने घेतली. प्रबंधात आभाराच्या पानावर मॅडमच्या खालोखाल आईचे नाव आहे.

याच काळात मुलीने एकदा चिडून विचारले, की लिहिलेले प्रकरण मॅडम तिसऱ्यांदा परत पाठवतात, याला काय अर्थ आहे? आम्ही तिला बाबासाहेबांची आठवण दिली. बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी आपल्या घराघरांत लावलेली असते, पण त्या पदव्यांमागे मार्गदर्शक होते आणि दुरुस्त्याही होत्या, हे आपण मुलांना सांगत नाही. कोलंबिया विद्यापीठात प्रा. सेलिग्मन, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रा. एडविन कॅनन. रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध १९२३ साली परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत केला होता. बाबासाहेब त्यानंतर मुंबईस परतले. तेथून त्यांनी दुरुस्त करून पाठवला आणि त्याच वर्षी पदवी मिळाली. तो प्रबंध पुस्तकरूपाने निघाला तेव्हा प्रस्तावना कॅनन यांनीच लिहिली आणि तीत आपले लेखकाशी कुठे पटत नाही हेही लिहून ठेवले. मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांचे एकमत व्हावेच असे नाही. मांडलेले पुराव्यानिशी उभे राहिले पाहिजे, एवढेच दोघांनी पाहायचे असते.

ऊर्जेचा विषयही आपल्याला परका नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात बाबासाहेब मजूरमंत्री होते आणि वीज हा विषय त्यांच्याच खात्याकडे होता. केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ १९४४ साली स्थापन झाले, दामोदर खोऱ्याच्या योजनेची आखणी झाली, ती याच काळात. वीज स्वस्त आणि मुबलक मिळाल्याशिवाय देशात उद्योग वाढणार नाहीत, गरिबी हटणार नाही, ही त्यांची भूमिका होती. आपली मुले इंजिनिअर होतात तेव्हा हे त्यांना कोणी सांगत नाही.

लिहिण्याच्या बाबतीत एक गोष्ट घरच्यांनीही जाणून घ्यावी. हल्ली प्रबंध संगणकाकडून तपासला जातो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार दुसऱ्याच्या मजकुराशी दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालते. त्यापुढे चाळीस टक्क्यांपर्यंत गेल्यास सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून द्यावा लागतो आणि साठ टक्क्यांच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द होते. तेव्हा बाजारात पैसे देऊन 'तयार प्रोजेक्ट' घेण्याचा जो धंदा चालतो, त्याच्या वाटेस कोणी जाऊ नये. पैसाही जातो आणि वर्षही. आमच्या मुलीने रोज एक पान लिहिले, चांगले-वाईट न पाहता. मधले मोजमापाचे प्रकरण आधी लिहिले, प्रस्तावना शेवटी. आम्हाला हे उलटे वाटले होते. पण काय शोधले ते कळल्याशिवाय प्रस्तावना कशी लिहिणार, हे तिचे म्हणणे पटण्यासारखे आहे.

सहा आठवड्यांतला एक आठवडा तिने आजोळी घालवला. प्रयोगशाळेत पाणी उकळणे ही पहिली पायरी, ठरलेला स्वयंपाक करून पाहणे ही दुसरी, आणि घरातल्या बाईने आपल्या रीतीने ती चूल दिवसचे दिवस वापरून पाहणे ही तिसरी. पहिल्या पायरीवर शोभलेली चूल तिसऱ्या पायरीवर घसरते, हा चुलींच्या कामातला जुना अनुभव आहे. इथेही तेच दिसले. तुराटी बारीक, भराभर जळते. नव्या चुलीचे तोंड लहान, म्हणून सारखे काड्या मोडून आत सारत बसावे लागते. भाकरी थापायची की काड्या मोडायच्या? तिच्या मामी म्हणाल्या, "चूल गुणाची हाय, पण हिला एक माणूस वेगळं लागतंय." मॅडमनी हे वाक्य प्रबंधात जसेच्या तसे ठेवायला लावले.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, की घरोघर गॅस गेल्यावर चुलीवर प्रबंध कशाला? प्रश्न योग्य होता. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी बलियात सुरू झाली आणि सप्टेंबर २०१९ पर्यंत आठ कोटी जोडण्या झाल्या. आठ कोटीवी जोडणी तर आपल्याच औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात दिली गेली. मुलीने आकडे मान्य केले आणि आजोळच्या घरांची वही पुढे ठेवली. सिलिंडर आहे, शेगडी आहे, चहा आणि पाहुण्यांचे जेवण त्यावर होते. आंघोळीचे पाणी आणि भाकरी मात्र चुलीवर, कारण तुराटी शेतातून फुकट येते आणि सिलिंडर भरायला एकरकमी पैसे लागतात. जोडणी झाली म्हणून धूर संपला असे होत नाही. १९८० च्या दशकात सरकारच्या सुधारित चुलींच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचेही हेच झाले होते. २००२ साली तो बंद होईपर्यंत तीन कोटींहून अधिक चुली बसल्याचा हिशेब होता. त्यातल्या पेटत्या किती राहिल्या, हा प्रश्न निराळा होता.

परीक्षकांनी मग ओलीच्या प्रकरणावर पाऊण तास घेतला. दोन तक्ते पुन्हा करायला सांगितले, एका आलेखाची मापे बदलायला लावली. पंधरा दिवसांची मुदत होती, नवव्या दिवशी तिने दुरुस्त प्रत दिली. निकाल लागला तेव्हा ती नोकरीवर रुजू झालेली होती.

प्रबंधाची एक बांधीव प्रत तिने अभ्यासिकेला दिली आहे. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांशेजारी, दुसऱ्या कपाटात वरच्या फळीवर ती आहे. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातल्या किंवा एम.टेक.ला लागलेल्या मुलामुलींनी ती येथे बसून चाळावी. रविवारी सकाळी दहा ते एक या वेळात आम्ही तेथे असतो, आणि ती स्वतःही महिन्यातून एका रविवारी येते. येताना आपल्या विषयाचे नाव एका कागदावर लिहून आणावे. ती लाल पेन घेऊनच बसते.